धावपट्टीशेजारचा मुक्काम

प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. पहिला पक्ष विमान सुटायच्या चार तास आधी विमानतळावर जाऊन बसतो आणि तिथे पोचल्यावरही दर दहा मिनिटांनी तिकिटावरची वेळ नव्याने वाचतो. दुसऱ्या पक्षाच्या मते विमानतळ ही थांबायची जागाच नव्हे. गेट बंद होईपर्यंत विमान आपलंच असतं. गंमत अशी की एकाच पक्षातली दोन माणसं सहसा एकमेकांशी लग्न करत नाहीत. आमच्याकडे मी पहिल्या पक्षात, नवरा दुसऱ्या. सासूबाई माझ्या बाजूने. बाकी आमचं कशावर जमतं आणि कशावर नाही हा वेगळा विषय, पण घरातून कधी निघायचं या एका मुद्द्यावर आमची युती अभेद्य आहे. मुलं अजून अपक्ष.

सहकुटुंब सुट्टीला निघायचं आणि विमान पहाटेचं असलं की या दोन पक्षांत बोलणी सुरू होतात, आणि त्यांतून निघालेला तह म्हणजे विमानतळाजवळचं हॉटेल. आदल्या संध्याकाळी जायचं आणि तिथेच झोपायचं. पहिल्या पक्षाला वाटतं, आपण रात्रभर आधी पोचलो. दुसऱ्याला वाटतं, आता अगदी शेवटच्या क्षणापर्यंत लोळता येईल. दोघंही मनातल्या मनात आपणच जिंकलो असं समजतात, म्हणून तह टिकतो.

एरवी हा व्यवहार विचित्रच आहे. घरी आपली गादी आहे, आपली उशी आहे, आणि आपण पैसे मोजून परक्या खोलीत अर्धी रात्र काढायला जातो. पण तिथे आपण झोप विकत घेत नसतो. आपण उद्या सकाळचा रस्ता रद्द करून घेत असतो. प्रवासातल्या इतर उशिरांना कुणीतरी धनी असतो. एकाच तिकिटावरचं पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय बघणं हे विमान कंपनीचं काम. घर ते विमानतळ या टप्प्याला मात्र कुणी वाली नाही. तिथे टायर पंक्चर झाला, पूल बंद निघाला, तर काउंटरवरची मुलगी फार हळहळते आणि नव्या तिकिटाची किंमत सांगते.

ही युक्ती काही आजची नाही. हेन्री फोर्डने १९३१ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला आपल्या विमानतळासमोर 'डिअरबॉर्न इन' नावाचं हॉटेल उघडलं. विमानाने येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बांधलेल्या अगदी सुरुवातीच्या हॉटेलांत त्याची गणना होते. पुढे तो विमानतळ बंद पडला आणि त्या जागेवर फोर्डच्या गाड्यांच्या चाचण्या होऊ लागल्या. हॉटेल राहिलं. आमच्या पक्षाचं याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही: विमानतळ निघून गेला तरी लवकर येऊन बसलेले तिथेच.

या हॉटेलांचा परिसर हा तसा बघण्यासारखा नसतोच. एका बाजूला गाड्यांचे वाहनतळ, दुसऱ्या बाजूला मालाची गोदामं, मधून पदपथ नसलेले रुंद रस्ते. खिडकीतून टर्मिनलचे दिवे इतके जवळ दिसतात की चालत जाऊ असं वाटावं, आणि चालत जायला वाटच नसते. त्यासाठी हॉटेलची शटल बस. ती अर्ध्या अर्ध्या तासाने सुटते आणि पहाटेच्या फेरीत आदल्या रात्रीच नाव लिहून ठेवावं लागतं. इथे तहातली पळवाट उघडी पडते. चारची बस की साडेचारची? रस्ता रद्द केला, ट्रॅफिक रद्द केला, तरी भांडायला अर्धा तास शिल्लक राहतोच. रिसेप्शनवरचा तरुण पेन उघडून शांतपणे वाट बघत असतो. त्याने अशी पुष्कळ कुटुंबं पाहिलेली असतात.

लॉबीत बसून माणसं बघण्यात संध्याकाळ बरी जाते. तिथे दुसरं करण्यासारखं काही नसतंच. तीन तऱ्हांची माणसं दिसतात. पहिली आमच्यासारखी, सुट्टीला निघालेली: नवे बूट, नव्या टोप्या, उगाच मोठमोठ्याने बोलणं. दुसरी, ज्यांचं विमान रद्द झालंय आणि ज्यांना कंपनीने कूपन देऊन इथे पाठवलंय. त्यांचे चेहरे दुरूनही ओळखू येतात. तेच हॉटेल, तीच खोली, पण आपण ती हौसेने घेतली आणि त्यांच्या ती गळ्यात पडली. एकाच सोफ्यावर दोन टोकांना हे दोन प्रकार बसलेले असतात आणि आमच्यातल्या कुणीतरी उत्साहाने विचारतं, "तुम्ही कुठे निघालात?" विचारू नये. तिसरी तऱ्हा म्हणजे वैमानिक आणि हवाई सुंदरी. छोटी काळी बॅग ओढत ते येतात, किल्ली घेतात आणि कुणाकडे न बघता लिफ्टमध्ये शिरतात. त्या इमारतीत गाढ झोपण्याचं कसब फक्त त्यांच्याकडे असावं.

मुलांची गोष्टच निराळी. त्यांच्या दृष्टीने सुट्टी खोलीचं दार उघडल्याक्षणी सुरू झालेली असते. कार्ड लावलं की हिरवा दिवा लागतो, हे दहा वेळा करून पाहण्यासारखं असतं. मग पलंगावर उड्या, मग छोटा फ्रिज, मग बाथरूममधल्या साबणांची वाटणी. धाकटीने तर एकदा गंभीरपणे सुचवलं होतं की पुढे कशाला जायचं, इथेच राहू. नेदरलँड्समध्ये दीड हजार प्रौढांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सुट्टीवर जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी असतात ती जाण्याआधी. परत आल्यावर दोघांत बहुतेक वेळा फरक उरत नाही. म्हणजे धाकटीचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं. पण पुढची तिकिटं काढलेली असतात.

मोठ्यांचा आनंद मात्र बॅगेपाशी अडतो. एका रात्रीसाठी सामान उघडायचं नाही, असं ठरवूनच आपण येतो, आणि लागणारी प्रत्येक वस्तू सगळ्यात मोठ्या बॅगेच्या तळाशी असते. टूथपेस्ट तिथेच, कारण २००६ साली द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून हातातल्या सामानातल्या बाटल्या-ट्यूबांना शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. घरी गुडघा टेकवून कशीबशी बंद केलेली बॅग परक्या गालिच्यावर उघडली की ती पुन्हा बंद होत नाही, हा निसर्गनियम आहे. रात्रीपुरती वेगळी पिशवी भरावी, हे शहाणपण सगळ्यांना असतं. अमलात आणणारं कुणी मला अजून भेटायचंय. कपाटातल्या तिजोरीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ती वापरू नये. पहाटे साडेतीनला अर्धवट झोपेत निघणाऱ्या माणसाने पासपोर्ट कुलपात घालणं म्हणजे संकटाला हाताने आमंत्रण. वापरायचीच असेल तर पासपोर्टांबरोबर स्वतःचा एक बूटही आत ठेवावा. एका पायात बूट घालून कुणी विमानतळावर जात नाही.

मग झोप. लोक समजतात की विमानांच्या आवाजाने झोप लागत नसेल. ते दिवस गेले. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वास्तुविशारद इरो सारिननने आखलेलं, १९६२ साली सुरू झालेलं जुनं टर्मिनल आहे. २०१९ साली त्याचं हॉटेल झालं, तेव्हा धावपट्टी शेजारी असल्यामुळे खोल्यांना साडेचार इंच जाडीचा काचेचा पडदा बसवला. सगळीकडे इतकी चैन नसली, तरी जाड काचांची दुहेरी खिडकी बहुतेक ठिकाणी असते. काही शहरांनी तर रात्रच राखून ठेवली आहे: सिडनीत १९९५च्या कायद्याने रात्री अकरा ते सकाळी सहा विमानांवर कडक बंधनं आहेत. आणि जिथे ती नाहीत तिथेही आपल्या खिडकीवरून विमानं जातील की नाही हे वारा ठरवतो, कारण विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. वारा फिरला की धावपट्टीचं वापरायचं टोक बदलतं. खोलीचं बुकिंग करताना हे कुणाच्याच हातात नसतं.

झोप मोडतात ती चाकं. विमानाची नव्हे, बॅगांची. रात्री दोनपासून त्या हॉटेलच्या बोळातून कुणी ना कुणी बॅग ओढत जात असतं. दार धाडकन लागतं, लिफ्टची घंटा वाजते, एखादं मूल झोपेत रडतं, बाप दबक्या आवाजात म्हणतो, "हळू, लोक झोपलेत." लोक झोपलेले नसतात. लोक छताकडे बघत हिशेब करत असतात की आत्ता झोप लागली तर किती तास मिळतील. गजर दोन फोनवर लावलेले असतात, रिसेप्शनला उठवायला सांगितलेलं असतं आणि विश्वास तिघांवरही नसतो. इतक्यात उशाशी असलेलं हॉटेलचं घड्याळ किंचाळतं. ते आदल्या रात्रीच्या पाहुण्याने लावून ठेवलेलं असतं.

याला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन अर्ध सारखे झोपत नाहीत. गाढ झोपेतही डावा अर्ध थोडा सावध राहतो, बारीकसा वेगळा आवाज झाला तरी दखल घेतो. बदकं आणि डॉल्फिन तर याच्याही पुढे जाऊन मेंदूचा एक अर्ध जागा ठेवून झोपतात. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे दोन पक्ष प्रत्येकाच्या डोक्यातच आहेत. डावा माझा: कान टवकारून, पासपोर्टावर लक्ष ठेवून. उजवा नवऱ्याचा: जग बुडालं तरी 'अजून वीस मिनिटं आहेत'. फक्त काही माणसांत उजव्याचं बहुमत फारच मोठं असतं. शेजारच्या पलंगावरून त्याचं घोरणं ऐकू येतं.

शटल चारचीच घेतली जाते. युतीपुढे त्याचं चालत नाही. आणि बहुतेक वेळा होतं असं की आम्ही टर्मिनलमध्ये शिरतो तेव्हा आमच्या विमानाचा काउंटर उघडलेलाच नसतो. वरचा पडदा काळा, खाली रिकाम्या खुर्च्या. नवरा काही बोलत नाही. तो फक्त घड्याळाकडे बघतो, मग काउंटरकडे, मग माझ्याकडे. सासूबाई ट्रॉलीच्या दांड्याला धरून समाधानाने म्हणतात, "चला, रांगेत पहिला नंबर आपला."

एक गोष्ट मला नेहमी खटकते. परत येताना कुणीच या हॉटेलाचं नाव काढत नाही. विमान मध्यरात्री उतरतं, रस्ता तोच, अंधार तोच, सामान जाताना होतं त्याहून जड, आणि मुलं झोपेने पेंगुळलेली. तरी जाताना गाडीच्या खिडकीतून त्या इमारतीवरची पाटी दिसली तर आपण ती ओळखही दाखवत नाही. घरी पोचायला दोन तास लागले तरी चालतात, कारण घराचं गेट कुणी बंद करत नाही.

आणि त्याच रात्री पक्षांतर होतं. विमानाची चाकं टेकून ते वळणं घेत जागेवर जाऊन उभं राहतं न राहतं, तोच जो माणूस जाताना गेट बंद होईपर्यंत बुटाची नाडी बांधत होता, तो ताडकन उठतो. वरच्या कप्प्यातली बॅग काढतो, मधल्या वाटेत मान तिरकी करून उभा राहतो. दरवाजा उघडायला अजून दहा मिनिटं तरी असतात. मी आणि सासूबाई पट्टे सोडून निवांत बसलेल्या.

"उठा ना," तो म्हणतो, "उशीर होईल."