वस्तीला आधी काय विचारावे?

आपत्तीची जोखीम तपासण्यासाठी वस्तीत गेलेला बाहेरचा माणूस बहुधा ‘तुमच्याकडे काय कमी आहे?’ असे विचारून सुरुवात करतो आणि काम तेथेच बिघडते, असे माझे मत झाले आहे. प्रश्न कानावर पडताच लोक उणिवांची यादी सांगू लागतात. मागच्या पुरात कोणी कोणाला कसे बाहेर काढले, हे मात्र कोणी बोलत नाही. ही चूक मीही केली आहे.

इंडोनेशियातील सिमेलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात जपली गेली होती: जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला, की उंचावर पळायचे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत, भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही, सुमारे ७८ हजार लोकवस्तीच्या या बेटावर केवळ सात जण दगावल्याची नोंद आहे. केवळ उणिवा टिपणाऱ्या अर्जात ही ठेव कोणत्या रकान्यात लिहिली असती?

रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्था अनेक देशांत वापरतात त्या पद्धतीत दुर्बलता आणि क्षमता दोन्ही तपासतात, तेही लोकांसोबत वस्तीत फेरी मारून आणि त्यांच्याच हातून नकाशा काढून घेऊन. नकाशा स्त्रियांकडून वेगळा काढून घ्यावा, असा माझा आग्रह असतो. पुरुष रस्ते आणि पूल आधी काढतात. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे कोणत्या घरांत आहेत आणि पूर आल्यावर पिण्याचे पाणी कोठे मिळते, हे बहुतेकदा स्त्रियांच्या नकाशात सापडते.

त्याहून मला मोलाची वाटते ती हंगामाची दिनदर्शिका. पाऊस, आजारपण, कर्ज आणि कामासाठी बाहेरगावी जाण्याचे महिने एकाखाली एक मांडले, की सुटकेच्या आराखड्यात ज्या तरुणांची नावे लिहिली आहेत ते ऐन धोक्याच्या महिन्यात वस्तीत नसतात, हे कधीकधी तेथल्या तेथे उघड होते. मग नावे बदलावी लागतात, आणि त्यावर होणारा वाद ऐकण्यासारखा असतो.

बैठक संपली, की नकाशा आणि दिनदर्शिका काढलेला मोठा कागद गुंडाळून कार्यालयात नेण्याची आपली सवय मला खटकते. मूळ कागद वस्तीतच राहू द्यावा आणि आपण त्याचे छायाचित्र न्यावे. पुढच्या पावसाळ्याआधी त्यावर खाडाखोड करायची ती त्यांनाच.