नाताळचं जेवण आणि भट्टीवरचे साडेचार तास

25 डिसेंबरला आमच्या घरी चौदा माणसं जेवायला होती आणि जेवण अगदी निवांत झालं. तरी आदल्या दिवशीचे बेकरीवरचे साडेचार तास डोक्यातून जात नाहीत, म्हणून आधी तेच लिहिते.

आमच्याकडे केकचं पीठ घरी कालवतात आणि भट्टीवर नेऊन भाजून आणतात. सासूबाईंच्या लग्नाआधीपासूनची पद्धत. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच डबा मावतो. शिवाय पाव काढल्यावर लाकडाच्या भट्टीत जी उतरती आच राहते, ती सुक्या मेव्याच्या केकला मानवते. कडा करपत नाहीत आणि मधला भागही शिजतो.

भट्टीवाल्यांनी 24 तारखेला चार वाजता या म्हणून सांगितलं होतं. मी साडेतीनला पीठ कालवलं, तीन डबे भरले आणि दहा मिनिटं आधीच पोचले. हातात सतरा नंबरची चिठ्ठी मिळाली. "पाच मिनिटं, ताई." पाच वाजले तरी पावाचे पत्रेच आत-बाहेर होत होते. सहाला दुकानाच्या ऑर्डरचे केक आत गेले. आमचे डबे फळीवर तसेच.

बेकिंग पावडर ओल्या पिठात पडली की तिचं काम सुरू होतं. बुडबुडे पिठात आहेत तोवर आच मिळाली तरच केक फुगतो. माझ्या डोळ्यांदेखत ते वर येऊन फुटत होते. मी तीनदा सांगून पाहिलं. तेवढ्यात माझ्यामागून आलेल्या एकाने मालकांना फोन लावला आणि त्याचे डबे सरळ आत सरकले. "मामा, माझा नंबर सतरा आहे, हे आत्ता आलेत," मी म्हणाले. कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्या क्षणी डबे उचलून घरी यायला हवं होतं, असं आजही वाटतं. पण दोन तास थांबल्यावर पाय निघत नाही.

सातला डबे आत गेले आणि सव्वाआठला बाहेर आले. नाव लिहून चिकटवलेले कागद भट्टीत जळून गेले होते, त्यामुळे कुठला डबा कुणाचा यावरून पुन्हा गोंधळ. माझे डबे सासूबाईंचे जुने, एकाला कडेला पोचा आहे, म्हणून ओळखले. पूर्ण भाजणावळ दिली. घरी येऊन पाहिलं तर तीनपैकी दोन केक मध्ये बसले होते. सासूबाईंनी थरथरत्या हातांनी खारका आणि काजू चिरले होते, ते मनुकांसकट तीन दिवस संत्र्याच्या रसात फ्रिजमध्ये भिजवले होते (आमच्याकडे रम घालत नाहीत). त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र फार लागलं.

तर ज्यांना भट्टीवर जायचंय त्यांनी 20 तारखेच्या आतच जावं. सुक्या मेव्याचा केक चार-पाच दिवस मुरला की उलट जास्त छान लागतो. मैद्याचं कोरडं मिश्रण वेगळं न्या, ओलं वेगळं न्या आणि नंबर पुकारला की तिथेच कालवा. डब्यावर नाव खिळ्याने कोरा. आणि "कधी येऊ?" असं विचारू नका, "डबा आत कधी जाईल?" असं विचारा.

जेवणाचं म्हणाल तर मी मुद्दाम थोडकंच ठेवलं होतं. करंज्या आणि शंकरपाळे आठवडाभर आधीच डब्यात होते. तीन किलो मटण 24 च्या सकाळीच आणून हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळं तिखट आणि वाटण घालून रस्सा केला, तासाभरात झाला. मुलांसाठी अळणी (तिखट न घातलेलं मटण आणि त्याचं पाणी) आधीच बाजूला काढलं होतं. भाकऱ्या थापत बसले नाही, कडक भाकरी आणली. ती आधी आणून ठेवली तरी बिघडत नाही, आणि रश्श्यात चुरली की अजून काय हवं? यंदा नाताळ गुरुवारी आला आणि शेजारच्या काकू गुरुवारी मटण खात नाहीत. त्यांच्यासाठी भरलं वांगं आणि शेंगा चटणी वेगळ्या भांड्यात केली होती. ते वांगं शेवटी सगळ्यांनीच संपवलं.

नळाला आपल्याकडे रोज पाणी येत नाही, म्हणून पत्रावळी आणल्या होत्या. सकाळची उपासना झाल्यावर मी चक्क दोन तास झोपले. रात्री गच्चीवर चादरी अंथरून सगळे बसलो. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, पहिल्यांदाच तू आमच्याबरोबर जेवतेयस." खरंच होतं ते. दरवर्षी मी स्वयंपाकघरातच असायचे.

चांगला फुगलेला केक सासूबाईंनी कापला. बसलेल्या दोन केकच्या कडा कापून चहाबरोबर दिल्या, मधला चिकट भाग तव्यावर तुपात परतला, तो मुलांनी मागून मागून खाल्ला.

हो, एक राहिलंच. डब्याच्या तळाला बटर पेपर दुहेरी घाला, भट्टीची फरशी फार तापते.