पुठ्ठ्यावरच्या होड्यांचे गाव

ब्रिस्टलला मुलाकडे गेलो असताना आम्ही दोघे कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज या चित्रकारांच्या गावी चार दिवस राहून आलो. पहिले दोन दिवस पावसाने खाल्ले. तिसऱ्या दिवशी ऊन पडले, तेव्हा ओहोटीने कोरड्या पडलेल्या बंदरात वाळूवर कलंडलेल्या होड्या दिसल्या आणि मला थेट कोकणातल्या आमच्या खाडीची आठवण झाली. हे गाव एके काळी पिल्चर्डवर, म्हणजे आपल्या तारलीसारख्या मासळीवर जगत होते. मासळी खारवण्याच्या तळघरांवर पुढे चित्रकारांनी स्टुडिओ थाटले आणि पोर्थमिअर स्टुडिओच्या खालच्या भागात अजूनही मच्छीमार आपले सामान ठेवतात, हे मला फार आवडले.

गर्दी मात्र सोसवत नव्हती. अरुंद गल्ल्यांत चालणे कठीण झाले होते, आणि जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर १९९३ मध्ये उघडलेल्या टेट कलादालनात एका चित्रासमोर निवांत उभे राहायलाही वाट पाहावी लागत होती. शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांच्या बागेत थोडी शांतता मिळाली. १९७५ साली याच वास्तूत लागलेल्या आगीत त्यांचा अंत झाला. त्यांनी स्वतः जागा ठरवून मांडलेली शिल्पे आजही झाडांमध्ये उभी आहेत आणि कामाच्या खोलीत अर्धवट घडवलेले दगड तसेच ठेवले आहेत.

पण मी हे लिहायला बसले ते आल्फ्रेड वॉलिस यांच्यासाठी. पूर्वायुष्यात समुद्रावर गेलेला आणि नंतर बंदरात जुन्या सामानाची खरेदी-विक्री करणारा हा माणूस पत्नी १९२२ मध्ये वारल्यावर, एकटेपणात सोबत म्हणून, सत्तरीच्या सुमारास चित्रे काढू लागला. शिक्षण नाही, कॅनव्हास नाही. मिळेल तो पुठ्ठा आणि होडीला लावायचा रंग एवढेच साहित्य. त्यांच्या एका चित्रापुढे मी बराच वेळ थांबले. पुठ्ठ्याच्या कडा वाकड्यातिकड्या कापलेल्या होत्या, पांढुरक्या-करड्या समुद्रात पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंग मध्येच उघडा राहिला होता आणि शिडाचे जहाज शेजारच्या घरांहून मोठे होते. माझे वडील दर पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आधी, होडी रंगवत आणि उरलेला रंग घराच्या खिडक्यांना लावत, त्यामुळे आमचे घर आणि होडी नेहमी एकाच रंगाची असे. त्या चित्रातला जाड, ओघळलेला रंग मला चांगलाच ओळखीचा होता. दर्यावर्दी माणसाला घरापेक्षा होडी मोठी वाटते, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९२८ मध्ये बेन निकोल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन चित्रकार गल्लीतून जात असताना उघड्या दारातून त्यांना ही चित्रे दिसली आणि वॉलिस यांचे नाव कलाजगतात पोहोचले. पैसे मात्र पोहोचले नाहीत. चित्रांना मोजके शिलिंग मिळत राहिले आणि १९४२ मध्ये मॅड्रनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, त्यांचा मृत्यू झाला. आज त्याच धाटणीच्या होड्या दुकानांतल्या कपांवर आणि टॉवेलांवर छापलेल्या दिसतात. ते पाहून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी आपण होऊन कागदावर वाट काढून दिली, म्हणून शेवटच्या सकाळी आम्ही बार्नून दफनभूमीत पोहोचलो. ती चढावर आहे आणि खाली पोर्थमिअरची पुळण पसरलेली दिसते. १९२० मध्ये शोजी हमादा यांच्यासह येथे कुंभारकामाची भट्टी सुरू करणाऱ्या बर्नार्ड लीच यांनी वॉलिस यांच्या थडग्यासाठी फरशा घडवल्या. त्यांवर भलेमोठे दीपगृह आहे आणि त्याच्या पायथ्याशी अगदी छोटा खलाशी. नावाखाली ‘कलाकार आणि खलाशी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ह्यांनी ते मोठ्याने वाचले. एका फरशीवर पक्ष्याची घाण वाळून बसली होती. मी रुमाल ओला करून ती पुसली. गाडीला अजून तासभर अवकाश होता, म्हणून भरतीचे पाणी पुळणीवर चढेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.