माळ्यावरचे पुठ्ठे

मामांनी माग विकून बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या माळ्यावरचं एक पोतं कुणी हलवलं नव्हतं. या मे महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून खाली काढलं तर आत जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राचे पुठ्ठे. लांबट, भोकंच भोकं पाडलेले, दोऱ्यानं एकाला एक शिवलेले, कडेला तेलाचे काळे डाग. मामांचा नातू पुण्यात आयटीत असतो, तो बघून ओरडलाच, "आजोबा, हे तर प्रोग्रॅमिंग आहे!" मामा म्हणाले, "कसलं प्रोग्रॅमिंग बे, चादरीचं डिझाईन आहे ते."

आता दोघंही बरोबरच की. पुठ्ठ्याला भोक असलं की जकार्डची सुई आत जाते आणि तिच्या वाट्याचा उभा धागा वर उचलला जातो, भोक नसलं की तो धागा खालीच. हो किंवा नाही, तिसरं काही नाहीच. जोसेफ जकार्ड नावाच्या माणसानं हे फ्रान्समध्ये 1804 च्या सुमाराला बसवलं, पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी हेच पुठ्ठे धरले, आणि 1890 ची अमेरिकेची जनगणना भोकाच्या कार्डांवर मोजली गेली. म्हणजे आमच्या सोलापुरात, विणकरांच्या पूर्व भागात खडखड करत डिजिटलच चाललं होतं, फक्त तेव्हा त्याला कुणी डिजिटल म्हणत नव्हतं.

तर नातवानं ठरवलं, हा वारसा जपायचा. दोरा कुजलाच होता, त्यानं सरळ कात्री लावली, फरशीवर एकेक पुठ्ठा ठेवून मोबाईलनं फोटो काढले, सगळे ड्राईव्हवर टाकून लिंक फॅमिली ग्रुपवर दिली. धडाधड अंगठे आले. मग मामींनी विचारलं, "पण ही चादर कुठली?"

मामा म्हणाले मोराची, मामी म्हणाल्या मोराचे पुठ्ठे कधीच रद्दीत गेले, ही वेलबुट्टी, मावशीनं नागपूरहून व्हॉइस मेसेज टाकला की ही माझ्या लग्नातली. फोटोत प्रत्येक भोक स्पष्ट दिसतंय, झूम केलं तरी फाटत नाही, पण कुठल्या पुठ्ठ्यानंतर कुठला हे सांगणारा दोरा कचऱ्याच्या डब्यात. काहींवर पेन्सिलीचे आकडे होते, तेही निम्मे पुसलेले. मला तर वाटतं फोटो निघाला की आपण निर्धास्त होतो, वस्तूकडे परत बघतच नाही. (माझ्या फोनमध्ये गड्ड्याच्या जत्रेचे चारशे फोटो आहेत, एकही उघडलेला नाही.) आता इलेक्ट्रॉनिक जकार्डला पुठ्ठाच लागत नाही, डिझाईन फाईलमधनं जातं, ती फाईल करप्ट झाली तर माळ्यावर काय सापडणार कुणास ठाऊक.

शेवटी मामींनी ट्रंकेतनं एक जुनी चादर काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली, कोपऱ्यात मोराचं शेपूट. मामा काही बोलले नाहीत, नुसते मामींकडे बघून हसले. मग चष्मा लावून एकेक पुठ्ठा खिडकीच्या उजेडात धरायला लागले, "हा किनारीचा. ह्याच्यानंतर तो, बघ, भोकं एक घर सरकलेत."

संध्याकाळपर्यंत अकरा लागले. पुठ्ठे हलतील म्हणून पंखा बंद, बाहेर सोलापूरचं ऊन, नातू घामानं निथळालाय आणि मामा म्हणालेत, "बारावा दे."