नॉब सोडला की पायलट विझतो

काडी लावली की फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, पायलट (कायम जळती ठेवायची छोटी ज्योत) पेटतो, पण नॉबवरचं बोट काढलं की विझतो. अमेरिकेच्या थंड भागात जुनं घर घेतलेल्या आपल्या लोकांना हा प्रसंग कधी ना कधी गाठतोच. आम्हाला तो शिकागोत गाठला, आणि तोही ३० जानेवारी २०१९ ला. त्या दिवशी ओ'हेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. शाळा बंद, टपाल बंद. लोकल रेल्वेवाले सांधे गोठू नयेत म्हणून रुळांशेजारी गॅसच्या ज्वाळा पेटत्या ठेवत होते.

आमचं घर विटांचं, जुन्या शिकागो बंगल्यांपैकी एक. बेसमेंटमधली फर्नेसही जुनीच, चोवीस तास जळणाऱ्या पायलटची. नव्या फर्नेसमध्ये अशी कायमची ज्योत नसते. ठिणगीने किंवा तापून लाल होणाऱ्या इग्नायटरने गॅस पेटतो. त्यामुळे तुमच्या फर्नेसच्या गॅस व्हॉल्व्हवर ऑफ, पायलट आणि ऑन असं लिहिलेला नॉब नसेल, तर पुढचं तुमच्या उपयोगाचं नाही. त्यात काडी घेऊन जायचंच नाही.

सकाळी उठले तेव्हा थर्मोस्टॅट ५८ फॅरनहाइट दाखवत होता. नवरा कामासाठी परगावी, आणि घरात मी आणि सांगलीहून आलेली आई. ती साडीवर माझा जाड कोट चढवून स्वयंपाकघरात उभी होती. म्हणाली, "अगं, ओव्हन लावून दार उघडं ठेवूया का थोडा वेळ?" तिला लगेच थांबवलं. गॅसच्या ओव्हनवर घर तापवायला गेलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकली, नळ बारीक धारेने चालू ठेवले, म्हणजे पाइप गोठून फुटायची भीती कमी. दुरुस्तीवाल्यांना फोन केला, पण एवढ्या थंडीत त्यांना सगळीकडूनच बोलावणी. आठवड्याच्या शेवटाशिवाय वेळ मिळेना.

खाली गेल्यावर पहिलं काम नाकाचं. आपण सिलिंडरच्या गॅसवर वाढलेली माणसं, आणि तो गॅस हवेपेक्षा जड, म्हणून वास घ्यायला आपण आपोआप जमिनीकडे वाकतो. शिकागोत पाइपने येतो तो नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, वर जाणारा. म्हणून फर्नेसच्या वर, भोवती आणि जमिनीलगतही वास घ्यायचा. वास येत असेल तर काडी नाही, दिव्याचं बटणही नाही. सरळ घराबाहेर पडायचं आणि फोन बाहेरूनच करायचा. आम्हाला वास नव्हता. फर्नेसच्या बाजूचं विजेचं बटण बंद केलं, थर्मोस्टॅट सगळ्यात खाली आणला आणि पुढचं पत्र्याचं झाकण काढलं. आत मिट्ट काळोख, पायलट विझलेला.

त्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेटवायची रीत छापलेली असते, ती प्रत्येक फर्नेसची थोडी वेगळी. आमची अशी: नॉब ऑफवर आणून पाच मिनिटं थांबा. मग नॉब पायलटवर फिरवून आत दाबा, दाबलेलाच ठेवून ज्योत लावा, मिनिटभर तसाच धरा आणि हळूच सोडा. यातली पाच मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. आत साचलेला गॅस निघून जायला तेवढा वेळ लागतो, आणि थंडीने दात वाजत असताना माणूस नेमकी तीच कापतो. प्रत्येक वेळी, नव्याने पेटवतानाही, ती पूर्ण द्यायची. नॉब हातानेच दाबायचा. हाताने दबत किंवा फिरत नसेल तर पाना, पक्कड लावायची नाही. तो व्हॉल्व्ह जाणकाराच्याच हाती द्यायचा.

लांब नळीच्या लायटरने पायलट पेटला. मिनिटभर धरला, सोडला, आणि ज्योत गेली. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा तेच.

काड्या ओढत बसण्यापेक्षा ही खूण समजून घेतली की काम सोपं होतं. पायलट पेटतो, म्हणजे तिथपर्यंत गॅस येतो आहे. ज्योतीत एका तांब्याच्या बारीक नळीचं टोक बुडालेलं असतं, ते थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की वीज निर्माण होते, हे सेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवलेलं तत्त्व इथे राबतं. चांगलं थर्मोकपल साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट देतं. एवढ्याशा विजेवर व्हॉल्व्हमधला चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. आपण नॉब दाबतो तेव्हा ती वाट आपल्या बोटाने उघडी असते. बोट काढल्यावर ती चुंबकाने धरायची. त्याला वीज कमी पडली की वाट बंद. विझलेल्या पायलटमधून रात्रभर घरात गॅस सुटू नये, याचीच ती सोय. तिला बगल देण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये.

तेव्हा संशयित थोडेच: ज्योत अशक्त, टोक ज्योतीबाहेर, व्हॉल्व्हकडचं जोडणीचं टोक ढिलं किंवा मळलेलं, थर्मोकपलच संपलेलं, आणि शेवटी खुद्द व्हॉल्व्ह. ज्योत निळी, ताठ आणि टोकाचा वरचा अर्धा इंच वेढणारी हवी. आमची पिवळसर होती, आळसावलेली, टोकाला एका बाजूने चाटणारी. हे पायलटच्या तोंडाशी धूळ बसल्याचं लक्षण. गॅस बंद करून सगळं गार होऊ दिलं आणि डब्यातल्या दाबाच्या हवेने तोंड साफ केलं. सुई किंवा तार आत घालायची नाही, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. थर्मोकपलच्या टोकावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने अलगद पुसली. ज्योत सुधारली, निळी झाली. पण नॉब सोडल्यावर मात्र विझलीच.

मग मल्टिमीटर काढला. व्हॉल्व्हकडचं टोक सोडवून एक तार तांब्याच्या नळीला आणि दुसरी सोडवलेल्या टोकाच्या मधल्या बिंदूला लावायची, आणि मोजताना पायलट जळता ठेवायचा, म्हणजे नॉब सतत दाबलेला हवा. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. आई पालथ्या बादलीवर बसली आणि दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून तिने नॉब दाबून धरला. मी आकडा बघत होते. तो चढत चढत नऊ मिलिव्होल्टपाशी आला आणि तिथेच अडला. आईचे अंगठे पांढरे पडले तरी ती हात काढेना. "किती झाले?" ती विचारत होती. मी म्हटलं, "सोड आई, कळलं."

कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान त्या थंडीतही उघडं होतं. बहुतेक फर्नेसना चालणारं चोवीस इंची थर्मोकपल तेव्हा दहा-पंधरा डॉलरना मिळालं. जुनं मोजून त्याच लांबीचं घ्यावं. नळी वळवताना हळूच, गोलाईने वळवायची. चिमटली की आतली तार तुटते. टोक क्लिपमध्ये पूर्ण बसवलं. व्हॉल्व्हकडचा नट आधी हाताने आवळला, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त आवळला तर टोकाचं इन्सुलेशन दबतं आणि नवं थर्मोकपलही निकामी होतं.

पाच मिनिटं, काडी, एक मिनिट. नॉब सोडला. ज्योत राहिली.

नॉब ऑनवर आणला, झाकण बसवलं, विजेचं बटण चालू केलं आणि आईला वर थर्मोस्टॅट वाढवायला सांगितलं. मुख्य बर्नर पेटताना तोंड त्याच्यासमोर न ठेवता बाजूला उभं राहायचं. भक्क आवाज झाला आणि सगळ्या नळ्यांवर निळी रांग उठली. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला. वरून आईची हाक, "ए, जाळीतून गरम यायला लागलं!"

आठवड्याच्या शेवटी दुरुस्तीवाला आला, त्याला मी मुद्दाम परत पाठवलं नाही. गॅसचा दाब, चिमणीचा ओढा आणि हीट एक्सचेंजरला (ज्वाळांची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या कप्प्याला) तडा आहे का, हे घरी तपासता येत नाही. त्याने ते तपासलं, सगळं ठीक निघालं. ज्वाळा बर्नरबाहेर येत असतील, झाकणावर काजळी धरत असेल किंवा फर्नेस पाण्याखाली गेली असेल, तर यातलं काहीच स्वतः करू नये, लगेच माणूस बोलवावा. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.

तो अलार्म काय करतो हे आईने दुरुस्तीवाल्याकडून माझ्यामार्फत दोनदा समजून घेतलं. सांगलीला तिच्या बाथरूममध्ये सिलिंडरवरचा गीझर होता आणि खिडकी थंडीत बंद असायची. तिने शिकागोतूनच बाबांना फोन लावला, आणि ती परतायच्या आत बाबांनी गीझर बाहेर गॅलरीत बसवून घेतला होता.