दोन पावलांचा खोळंबा

ऑपरेशनला पाच महिने नऊ दिवस झाले होते. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पहाटे साडेपाचला पोचलो तेव्हा आमच्या गाळ्यासमोर गाडी लागलेली होती. नाशिककडचा कांदा, ३२० गोणी. फाळका पडलेला, ताडपत्री निघालेली, आणि टोळी चहा पिऊन माझीच वाट बघत उभी.

नाना म्हणजे आमचे मुकादम. त्यांनी बिडी चपलेखाली विझवली आणि म्हणाले, "तू वर चढ. गोण्या नुसत्या काठाला सरकवायच्या. वाहायचं पोरं बघतील."

सगळ्यांनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आजारातून उठलेल्या गड्याला हलकं काम द्यायचं. मला बोलायला जड गेलं, पण बोललो. "नाना, वर नको. मी खालीच पाठ देतो."

कुणी काही बोललं नाही. मग मागून एकजण म्हणाला, "ऑपरेशन कमरेचं झालं का डोक्याचं?" सगळे हसले. मीपण हसलो.

मार्केटाबाहेरच्या माणसाला यातलं कळणार नाही, म्हणून सांगतो. गाडी उतरवताना दोघं वर असतात, बाकीचे खाली. खालचा गाडीला पाठ करून उभा राहतो. वरचे दोघं गोणी त्याच्या मानेखाली, दोन्ही खांद्यांवर ठेवतात. तो वर हात करून गोणीचे कान धरतो आणि ताठ चालत गाळ्यात जातो. वजन ५० किलो खरं, पण ते मणक्याला चिकटून सरळ खाली उतरतं. वरच्याला मात्र वजन सगळं पेलायचं नसतं, त्याला वाकायचं असतं. कान धरायचे, ओढायचं, कमरेत वळायचं, सरकवायचं, परत वाकायचं. ३२० वेळा. बघणाऱ्याला ते सोपं दिसतं. माझ्या कमरेसाठी ते विष होतं.

मलाही हे आधी ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षं गोण्या वाहिल्या आणि माझी मणक्यातली गादी फाटली ती गोणीखाली नाही. घरी, रात्री आठ वाजता, चपलेचा पट्टा सोडवायला वाकलो आणि तेवढ्यात शिंक आली. कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तसं झालं. दारातच बसलो. बायकोला वाटलं, हार्ट अटॅक आला.

लोक म्हणतात गादी सरकली. डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून सांगितलं की सरकत काही नाही. दोन मणक्यांमधल्या गादीचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेवर बसतो. माझी कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली. बहुतेकांचं गोळ्या आणि थोड्या आरामानं भागतं, काही आठवड्यांत दुखणं ओसरतं. माझं सहा आठवड्यांनी उलटच झालं. दुखणं कमी झालं, पण डावा अंगठा वर उचलेना. चालताना चप्पल फरफटायला लागली. पायातली चप्पल कधी निसटली ते रस्त्यातल्या पोरानं हाक मारली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं सहन करता येतं, ताकद गेली तर ती परत येईलच असं नाही. मग सूक्ष्मदर्शकाखालचं ऑपरेशन, इंचभराची चीर, तिसऱ्या दिवशी घरी. काढलेला तुकडा बाटलीत दाखवला. शिजवलेल्या खेकड्याच्या मांसासारखा पांढुरका, करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा तुकड्यानं ५० किलो उचलणाऱ्याला अंथरुणाला खिळवलं होतं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, दिवसाला किती वजन उचलता? मी हिशेब करून सांगितला. ३२० गोण्यांची गाडी, वाहणारे आठ, म्हणजे माणशी ४० खेपा. एका गाडीमागे दोन टन. दिवसाला दोन गाड्या, कधी तीन. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दुसरं काही काम बघता येईल का म्हणाले. वय ४४, शिक्षण बारावी, घणसोलीत माथाडी वसाहतीत घर, गावाकडं जावळीत पावसावरचं दीड एकर. मी म्हणालो, बघतो.

माझ्या वडिलांना असं विचारणारं कुणी नव्हतं. ते मशीद बंदरला दाणाबंदरात होते. तेव्हा साखरेचं पोतं १०० किलोचं असायचं. १९६९ साली माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांनी हमालाला संघटना दिली, हजेरी आणि फंड मिळाला. वडील त्या गोष्टी सांगायचे तेव्हा कधी ताठ बसून सांगितल्याचं आठवत नाही, कारण त्यांना ताठ बसताच येत नव्हतं. आमच्या गोणीचं वजन त्यांच्या पोत्याच्या निम्म्यावर आलं. तरी ओला माल असला की काटा ५० च्या पुढं जातो आणि आमची वादावादी होते, ती आजही चालू आहे.

तर मी खाली पाठ दिली. पहिली गोणी ठेवली तेव्हा वरचा पोऱ्या ती इतकी हळू ठेवत होता की मीच ओरडलो, "सोड की लेका!" गोणी बसली. पाय टेकले. अंगठ्याकडं लक्ष होतं, तो चपलेला घट्ट धरून होता. घरी मी रेशनच्या तांदळाचं पोतं करून १० किलोपासून ३० पर्यंत आलो होतो, बायको शेजारी उभी राहून शिव्या घालायची. पन्नास मात्र आजच. गाळ्याची पायरी चढलो, काही झालं नाही. मला वाटलं, जिंकलो.

घोटाळा थप्पीपाशी झाला.

इतकी वर्षं गोणी टाकायची माझी पद्धत ठरलेली होती. थप्पीला उजवी बाजू लावायची, कमरेला एक झटका द्यायचा, गोणी जागेवर. सगळेच तसं टाकतात. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी तो झटका मला करून दाखवायला लावला होता आणि कपाळाला हात लावला होता. वजनानं गादी एवढी बिघडत नाही, वजन घेऊन वाकता वळता तेव्हा बिघडते, असं त्यांचं म्हणणं. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी त्याच जागी पुन्हा फाटते, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून त्यांनी मला नवीन पद्धत शिकवली होती. कमरेत वळायचं नाही, पायांनी वळायचं. दोन पावलं टाकून थप्पीला पूर्ण पाठ करायची, गुडघ्यात बसायचं आणि गोणी मागं सोडायची.

दोनच पावलं. पण गाळ्यातली वाट एका माणसाची. मी वळायला लागलो की मागचा थांबे, त्याच्या मागचा थांबे, तिसरा पायरीवर ५० किलो पाठीवर घेऊन खोळंबे. उभं राहून ओझं धरणं चालण्यापेक्षा वाईट. पाचव्या खेपेला मागून शिवी आली. सातव्या खेपेला मघाशी चेष्टा करणारा माझ्यामागं होता. तो शिवी न देता नुसता "हं" म्हणाला. ते जास्त लागलं.

आठव्या खेपेला मी जुना झटका दिला. ठरवून नाही. मागं माणूस थांबलाय एवढंच डोक्यात होतं, कंबर आपोआप फिरली. पायात तार ओढली गेली नाही. पण दरदरून घाम फुटला. थप्पीला हात टेकून उभा राहिलो आणि चपलेत अंगठा वरखाली करून बघितला. हलत होता.

नानांनी बघितलं होतं. ते सहसा हिशेबाच्या वहीतून मान वर काढत नाहीत. आत आले, मला बाजूला घेतलं. मी झटका कसा नको, पाठ कशी करायची ते दाखवलं. त्यांना पटलं की नाही कळेना. त्यांनी थप्पी लावणाऱ्याला हाक मारली. "दाराच्या डाव्या अंगाला दुसरी थप्पी धर. हा तिथं टाकेल." एवढंच. डाव्या बाजूला दारातच रुंद जागा होती, मला वाटेतून बाहेर पडून वळता येत होतं. वीस मिनिटं सगळी टोळी ज्यावरून कुरकुरत होती ते दहा सेकंदांत सुटलं. मुकादमकी म्हणजे हीच.

गाडी खाली झाली तेव्हा बाकीच्यांच्या ४१-४२ खेपा झाल्या होत्या, माझ्या ३०. दुसऱ्या गाडीला मी पाठ दिली नाही. दाभण-सुतळी घेऊन फाटक्या गोण्या शिवत बसलो, उंच खोक्यावर, पाठ भिंतीला लावून. डाव्या थप्पीवर तोवर आमच्यातले एक म्हातारे, गुडघ्यानं अधू झालेले, आपली गोणी टाकायला लागले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी हजेरी लिहिताना मी नानांजवळ गेलो. टोळीतलं सगळ्यांना सारखं वाटलं जातं, एकानं कमी वाहिलं की ते बाकीच्यांच्या पाठीवर जातं. पाच महिने बदली माणूस होता तेव्हा हा प्रश्न नव्हता, आता होता. म्हटलं, "माझा पाऊण वाटाच लिहा."

नाना वहीतून मान वर न काढता म्हणाले, "पाऊण माणसाचा रकाना नाही यात. बाजूला हो, उजेड अडवतोयस."

घरी आलो. चप्पल बसूनच काढली. बायकोनं नेहमीसारखं भिंतीपाशी उभं केलं आणि टाचांवर राहायला सांगितलं. उजवा अंगठा लगेच वर आला. डावा जरा उशिरानं आला, पण आला. ती वाकून बघत होती. मग म्हणाली, "कालच्याएवढाच." आणि भाकरी टाकायला गेली.