सातबारा, वारसदार आणि इंग्रजीतला ‘अ’

वकिलांच्या ऑफिसात मराठी कागदांचं इंग्रजी करून देणं हे माझं काम. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालते, पण प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं की कामकाज इंग्रजीत. मग फिर्याद, जबाब, फेरफार, वाटणीपत्र, सगळ्याचं भाषांतर लागतं. मी मराठी माध्यमात शिकले. कायद्याचे शब्द कोशातून पाठ झाले, पण नामाआधी येणारी ‘अ’ आणि ‘ॲन’ ही इंग्रजी आर्टिकल्स कोशात बघून येत नाहीत. ते हळूहळू याच कागदांवर हातात बसले.

शाळेत ‘ए, ई, आय, ओ, यू’ या अक्षरांआधी ‘ॲन’ असं शिकवलं होतं. इथे तेवढ्याने भागत नाही, कारण नियम उच्चाराचा आहे, अक्षराचा नाही, आणि उच्चारही लगेच पुढच्या शब्दाचा. सातबारा म्हणजे ‘अ सेव्हन-ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट’, पण आठ-अ चा उतारा ‘ॲन एट-ए एक्स्ट्रॅक्ट’. लिहिताना दोन्हीकडे आकडाच असतो, मोठ्याने वाचलं की फरक कानाला कळतो. ‘हिंदू अनडिव्हायडेड फॅमिली’आधी ‘अ’, तिचंच ‘एचयूएफ’ झालं की ‘ॲन’. एफआयआर, एमएलए यांनाही ‘ॲन’. वारसदाराच्या ‘एअर’ (heir) मधला एच मुका, म्हणून ‘ॲन’. ताबेगहाणाचं ‘युझुफ्रक्चुअरी मॉर्गेज’ यू-पासून सुरू होतं, पण उच्चार ‘यु’, म्हणून ‘अ’. वतनासंबंधीच्या जुन्या इंग्रजी लिखाणात ‘ॲन हेरेडिटरी ऑफिस’ असंही वाचायला मिळतं. तिथे सुरुवातीच्या ‘हे’वर जोर नसल्याने एच पुसट होत असे. आज ‘अ’ लिहितात, पण जुना मजकूर उद्धृत करताना मी मूळ ‘ॲन’ला हात लावत नाही.

इथवर सगळं कानाचं काम. खरी कसोटी अर्थाची आहे. फिर्यादीत ‘एक अनोळखी इसम आला’ आणि पुढे ‘सदर इसमाने’ असं असतं, तिथे ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे हे पोलिसांच्या मराठीनेच सांगून ठेवलेलं असतं. पण ‘गणपत हा मयताचा मुलगा आहे’ या वाक्याचं काय करायचं? ‘अ सन’ लिहिलं तर आणखी मुलगे असू शकतात. ‘द सन’ लिहिलं तर वाचणारा तो एकुलता एक धरतो. वारसाहक्काचा दावा असेल तर त्या एका अक्षरावर हिस्से बदलल्यासारखे वाटतात. म्हणून अशा वाक्याआधी मी वंशावळ उघडते, वारस नोंदीचा फेरफार बघते आणि मगच टाइप करते. हा वेळ वाया जात नाही, असं मला मनापासून वाटतं.

औपचारिक मसुद्यात ‘ॲन एव्हिडन्स’, ‘ॲन ॲडव्हाइस’ सहसा चालत नाही, कारण इंग्रजीत हे शब्द एरवी मोजायचे नाहीत. पुराव्याची एकेक बाब सांगायची तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’. कॉफी खरं तर अशीच न मोजण्याची, पण हॉटेलात ‘अ कॉफी’ म्हणणं अगदी बरोबर, कारण तिथे एक कप अभिप्रेत असतो. बोलताना ‘थ्री हंड्रेड रुपीज अ डे’ म्हणतो, मजुरीच्या हिशेबाच्या तक्त्यात मी ‘पर डे’ लिहिते. ज्युनिअर वकिलांचा व्हॉट्सॲपवर ‘गॉट डेट’ असा मेसेज येतो, आर्टिकल गायब, पण अर्थ पोचतो. अर्जात ते जागेवर लागतं.

आणि ‘फ्यू’पाशी मी नेहमी थांबते. ‘अ फ्यू पर्सन्स’ म्हणजे काही लोक होते, नुसतं ‘फ्यू पर्सन्स’ म्हणजे जवळजवळ कोणी नव्हतंच. जबाबात ‘तिथे थोडे लोक होते’ असं आलं की मी जबाबाच्या मागच्या-पुढच्या ओळी वाचते. तरीही उलगडा झाला नाही तर वकीलसाहेबांना विचारल्याशिवाय ती ओळ पुरी करत नाही.